काकू, मला पोहता येत नाही हे मित्रांना कसं सांगू?

पत्र असं आहे:

‘काकू, मी मूळचा सांगलीचा, वय ३४, सहा वर्षांपासून कॅनडात, मिसिसॉगात आहे. आम्ही सहा मित्र मेमधल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत अल्गाँक्विन पार्कात, म्हणजे तलावांनी भरलेल्या मोठ्या जंगलात, कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी नाव) घेऊन जाणार आहोत. चार दिवस, तीन रात्री, मुक्काम तंबूत. तीन कनू भाड्याने घ्यायच्या आणि ओपिआँगो तलाव ओलांडून पार पलीकडच्या टोकाला जायचं, असा बेत आहे. अडचण अशी की मला पोहता येत नाही. लहानपणी चुलतभावांनी मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हापासून मी खोल पाण्यात उतरलेलो नाही. मित्रांना वाटतं, कृष्णाकाठचा म्हणजे पट्टीचा पोहणारा. मीही कधी ते खोडून काढलं नाही. ज्याने सहल आखली आहे तो म्हणतो, लाइफ जॅकेट नावेत असलं की झालं, कायदा तेवढंच सांगतो. बायकोला मी सांगून बसलोय की पाणी गुडघाभरच असतं. आता झोप लागत नाही. जाऊ, की काहीतरी कारण काढून टाळू?’

कृष्णाकाठच्या मित्रा,

नाव लिहिलं नाहीस म्हणून ही हाक. आणि काकू म्हणालास म्हणून अरे-तुरे. मी वाईची. आमच्या घाटावरून निघालेली कृष्णाच पुढे तुमच्या सांगलीला येते, त्यामुळे तुझा संकोच मला फोड करून सांगावा लागला नाही. नदीकाठच्या माणसाने ‘पोहता येत नाही’ म्हणायचं म्हणजे जीभ रेटत नाही. पण माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुली नदीच्या पाचव्या पायरीच्या खाली कधी उतरल्या नव्हत्या, आणि त्या सगळ्या घाटावरच वाढलेल्या.

आधी उत्तर देते. जा. पण मित्रांना सांगून जा, आणि ओपिआँगोचा बेत बदलायला लाव. सांगणं काही केल्या जमलं नाही, तर मात्र जाऊ नकोस. तेव्हा कारण काढून टाळलंस तरी मी तुला दोष देणार नाही.

आता हे असं का म्हणते ते सांगते. त्यासाठी मला २००३ सालच्या मे महिन्यात जावं लागेल.

आम्हीही कनू घेऊन गेलो होतो, सहाच जण. मी नदीत पोहत मोठी झाले, त्यामुळे जॅकेट अंगात घालायची गरज वाटली नाही. ते मी गुडघ्यांखाली उशीसारखं घेतलं होतं. माझ्या कनूत पुढच्या बाजूला बसलेल्या मैत्रिणीला पोहता येत नव्हतं. तिने पार्किंगमध्येच जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती, ती जेवतानाही काढली नव्हती. दुपारी वारा सुटला. माझी टोपी उडाली, ती धरायला मी काठावरून वाकले आणि कनू एका क्षणात उलटली. किनारा चाळीस-पन्नास हातांवर होता. वाईच्या डोहात हे अंतर मी बोलता बोलता कापलं असतं.

पण पाण्यात पडल्याबरोबर माझा श्वास माझा राहिला नाही. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसं झालं आणि हुंदक्यासारखा श्वास आपोआप आत ओढला गेला, एकामागून एक, न थांबता. हात मारायचं डोक्यात होतं, हात ऐकत नव्हते. जॅकेट दोन हातांवर तरंगत होतं, मी ते पकडलं, पण बोटांना बकल लावता येईना. माझी मैत्रीण, जिला पोहता येत नव्हतं ती, मान वर ठेवून शांत तरंगत होती. तिने एका हाताने उलटलेली कनू धरली आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर. दुसरी कनू येईपर्यंत तिने ती सोडली नाही. किनाऱ्यावर आल्यावर काडी ओढायला गेले तर काडीपेटी उघडेना. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लागतच नव्हती. त्या संध्याकाळी माझ्या ओल्या शर्टाची बटणंही दुसऱ्याने काढली.

हे का होतं, ते मला नंतर कळलं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेक्ट थंड पाण्याचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करतात आणि त्यासाठी स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरलेले आहेत. त्यांनी लोकांच्या लक्षात राहावं म्हणून तीन आकडे रूढ केले: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. तो आपोआप ओढला जाणारा श्वास डोकं पाण्याखाली असताना आला, तर काम तिथेच संपतं. पुढची साधारण दहा मिनिटं हातापायांकडून उपयोगाची हालचाल होते, मग स्नायू गारठतात. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरायच्या आधी, हातपाय चालत नाहीत म्हणून बुडतो. तोंड पाण्याच्या वर ठेवणारं अंगावर काही असेल, तरच तो तास त्याला मिळतो.

अल्गाँक्विनमधल्या तलावांवरचं बर्फ साधारण एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात फुटतं. तुम्ही जाल तेव्हा त्याला दोन-तीन आठवडे झालेले असतील. हवेत ऊन असेल, टी-शर्टवर बसावंसं वाटेल, आणि खाली पाणी असं असेल की हात मनगटापर्यंत बुडवून ठेवलास तर हाड दुखायला लागेल. या पाण्यात तू आणि तुझे पाच पोहणारे मित्र यांच्यात तुला वाटतो तेवढा फरक नाही. म्हणून तुझी लाज मनातून काढून टाक. भीती मात्र राहू दे, ती रास्त आहे.

जॅकेटबद्दल तुझा मित्र म्हणतो ते कायद्यापुरतं खरं आहे. कॅनडाच्या नियमाप्रमाणे नावेतल्या प्रत्येकासाठी त्याच्या मापाचं जॅकेट नावेत असावं लागतं, मोठ्या माणसाने ते घातलंच पाहिजे असं नाही. पण आपल्याकडे विहिरीत पोरांना पोहायला शिकवतात तेव्हा पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधतात, हे तू पाहिलं असशील. भोपळा थारोळ्यावर ठेवून पोराला कुणी विहिरीत सोडत नाही. मित्राला एवढंच सांग. आणि जॅकेट सहाही जणांनी घालायचं, तू एकट्याने नाही. तुझ्या कनूतला पोहणारा माझ्यासारखा गारठला, तर तुला कोण धरणार?

घालून बघताना सगळे पट्टे आवळ आणि कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांग. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, दुसरं माप माग. भाड्याने देणारे देतात बदलून.

आता सांगायचं कसं. ग्रुपवर लिहू नकोस. तिथे एक जण थट्टेचा इमोजी टाकतो, दुसरा ‘अरे काही होत नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. ज्याने सहल आखली आहे त्याला फोन कर, आणि असं म्हण: ‘मला पोहता येत नाही. इतके दिवस बोललो नाही, चूक झाली. मला यायचंय. पण मी आलो तर सगळ्यांनी पाण्यावर जॅकेट घालायचं, मोठा तलाव ओलांडायचा नाही, आणि माझ्या कनूत मागे सगळ्यात अनुभवी माणूस बसेल.’ एवढंच. विहिरीची गोष्ट त्याला सांगायचीच असं नाही. सांगाविशी वाटली तर सांग.

मला वाटतं तो ऐकेल. ज्याने सहा जणांची सहल आखली, त्याच्या मनात आत कुठेतरी जबाबदारी असतेच, आणि कनू उलटल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं त्याला हवंच असेल. समज, तो हसला आणि म्हणाला, ‘घाबरतोस काय, आम्ही आहोत ना.’ तर एकदा शांतपणे पुन्हा सांग. दुसऱ्यांदाही हसण्यावारी नेलं, तर त्या माणसामागे थंड पाण्यात जायचं नाही. मैत्री राहू दे, चहाला भेटत जा, पण त्याच्या कनूत बसू नकोस.

आणि हा फोन आजच कर, कारण त्यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. पार्काच्या आतल्या भागातला परवाना प्रत्येक रात्रीच्या तलावाप्रमाणे मिळतो आणि आरक्षण पाच महिने आधीपासून सुरू होतं. लांब सुट्टीला जवळचे तलाव लवकर भरतात. रस्ता बदलायचा तर उशीर करून चालणार नाही.

ओपिआँगो का नको? तो पार्कातला सगळ्यात मोठा तलाव आहे. वारा सुटला की त्याच्या उघड्या पाण्यावर मोठ्या लाटा उठतात, आणि त्या दिवशी अनुभवी लोकही किनाऱ्यावर बसून राहतात. पलीकडे सोडणारी मोटरबोट तिथे मिळते हे खरं, पण परतताना वारा असेल आणि मंगळवारी ऑफिस असेल, तेव्हा घाईत निर्णय चुकतात.

त्यापेक्षा कनू लेकवरून निघा. टोरंटोहून गाडीने तीनेक तास. पूर्वेचा किनारा धरून उत्तरेला जायचं. वाटेत टॉम थॉमसन या चित्रकाराचं स्मारक आहे. या पार्काचे ऋतू त्यानेच लोकांना दाखवले आणि १९१७ च्या जुलैत याच तलावात त्याचा अंत झाला. तलावाच्या टोकाला धरणाजवळ २९५ मीटरचं एक पोर्टेज आहे. म्हणजे कनू आणि सामान खांद्यावरून वाहून पुढच्या पाण्यात नेण्याची वाट. तिथून जो लेक, टीपी लेक, मग एक सुंदर वळणावळणाची छोटी नदी, फॉन लेक आणि लिटलडो. पाणी अरुंद, दोन्ही काठ जवळ, आणि पुढे कनू कुठेही वाहून न्यावी लागत नाही. लिटलडोला पोचून एकाच जागी तीन रात्री तंबू ठोका. रोज गाशा गुंडाळून पुढचा तलाव गाठायचा, हा सोस पहिल्या सहलीत नको. मधल्या दोन दिवसांत रिकाम्या कनूतून इकडे तिकडे फिरा, टॉम थॉमसनच्या नावाचा तलावही जवळच आहे. नाही फिरलात तरी बिघडत नाही.

कनू लेकही लहान नाही, म्हणून सकाळी लवकर पाण्यावर उतरा. वारा बहुधा दुपारकडे वाढतो. तीनही कनू हाकेच्या अंतरात ठेवा. मुक्कामाच्या जागांना केशरी पाटी असते, पोर्टेजला पिवळी. पाटी दिसली की काठ ओळखीचा वाटायला लागतो, हे तुला पहिल्याच दिवशी जाणवेल.

तू पुढे बसशील. कनूत पाय टाकताना मध्यभागी टाक, वाकून, दोन्ही हात दोन्ही काठांवर ठेवून, आणि दुसऱ्याने तोवर कनू धरून ठेवायची. एकदा बसलास की काठांना धरू नकोस, वल्हं धर. घाबरलेला माणूस काठ धरतो आणि त्याच्या वजनानेच कनू कलते. लाटा आल्या तर सीटवरून खाली उतरून गुडघ्यांवर बस. गुडघे पसरून तळाला टेकले की ती नाव किती स्थिर होते, ते करून पाहिल्याशिवाय पटत नाही. काहीही उडालं, टोपी, फोन, चष्मा, तरी वाकायचं नाही.

आणि जाण्याआधी एक काम, याच्याशिवाय मी तुला जाऊ देणार नाही. तुमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरच्या पोहण्याच्या तलावावर जा, जॅकेट घालून पाण्यात उतरता येईल का ते विचार, आणि बरोबर त्या मित्राला ने. आधी कमरेएवढ्या पाण्यात पाय उचल. जॅकेट तुला धरतं, हे डोक्याला नाही, पाठीला कळलं पाहिजे. मग खोल भागात, काठाजवळ, मित्र पाण्यात असताना उतर. तोंडावर पाणी येईल, विहीर आठवेल. बाहेर ये, बस, पुन्हा उतर. तीन-चार खेपा कर. तिथे पाणी कोमट आहे, घाई नाही. प्रत्येक वेळी वर आल्यावर साठपर्यंत मोज आणि फक्त श्वास सोड. घ्यायचा विचार करू नकोस, सोडायचा कर. थंड पाण्यात पडलास तर पहिलं मिनिट हेच करायचं आहे. मग उलटलेली कनू धरायची आणि सोडायची नाही. ती बुडत नाही आणि लांबूनही दिसते. जमेल तेवढं अंग तिच्यावर चढवायचं. सामानामागे कुणी जायचं नाही.

बाकीचं भराभर सांगते. सुती कपडे आणि जीन्स घरी. ओला सुती कपडा अंगाची ऊब शोषून घेतो. लोकरीचे किंवा सिंथेटिक घाल, आणि एक पूर्ण कोरडा जोड, मोजे आणि टोपीसकट, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत वेगळा बांध. मेमध्ये रात्री पारा शून्याजवळ जातो. शिट्टी जॅकेटलाच बांध. प्रत्येक कनूत पंधरा मीटरची तरंगणारी दोरी आणि पाणी उपसायला डबा लागतो, हे नियमातच आहे. काळ्या माश्या, ब्लॅकफ्लाय, त्याच सुमाराला सुरू होतात. त्या दिवसा चावतात आणि गडद निळ्या रंगावर जास्त येतात, म्हणून फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, पँट मोज्यांत खोच. तलावाचं पाणी गाळून किंवा उकळूनच प्यायचं. बिअर पाण्यावर नाही.

पार्काच्या आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायला बंदी आहे, तेव्हा आईच्या लोणच्याची बरणी राहील घरी. लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत काढ. भाजणी, मेतकूट, पिठल्याचं पीठ मसाला मिसळून तयार, गूळ, दाण्याची चटणी, तूप घट्ट झाकणाच्या डबीत. वल्हवून आलेल्या माणसाला गरम मेतकूट-तूप-भातासारखं दुसरं काही नाही. हे सगळं, आणि टूथपेस्टसुद्धा, रात्री तंबूत ठेवायचं नाही. काळी अस्वलं वासावर येतात. पिंप किंवा पिशवी दोरीने झाडाला उंच टांगायची, खोडापासून लांब, आणि तंबूपासूनही लांब.

राहिली बायको. गुडघाभर पाण्याचं तू तिला सांगितलंस ते तिची काळजी कमी व्हावी म्हणून, हे कळतं मला. पण तिला खरं सांग, आणि मित्राला सांगायच्या आधी सांग. ती रागावेल. मग तलावावर सरावाला तिलाही घेऊन जा, तुला तरंगताना तिने बघावं. तिच्या मनाला समजावण्यापेक्षा ते बरं.

निघताना फ्रिजवर एक कागद लाव: कुठून निघणार, कुठल्या तलावावर किती रात्री, कनूंचे रंग, गाडीचा नंबर, सहाही जणांच्या घरचे फोन. आतल्या भागात मोबाइल चालेल असं धरू नका, निदान एकाकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असू दे, आणि रोज संध्याकाळी तिला ‘पोचलो’ एवढं जाऊ दे. कागदाच्या शेवटी लिही की सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत गाडीपाशी येऊ, आणि रात्री दहापर्यंत काहीच कळलं नाही तर तिने ९११ ला फोन करून तो कागद वाचून दाखवायचा. वेळ तिला विचारून ठरव. दहा उशिरा वाटले तर ती म्हणेल ती वेळ लिही.

तुझी,
काकू